आईचे गुडघे

कमरेचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, तरी माझं बूड एका जागी टिकत नाही. बसलं की डाव्या पायातून कळ निघते, ती थेट अंगठ्यापर्यंत. उभं राहिलं की कंबर भरून येते. आडवं झालं की लगेच उठावंसं वाटतं. जर्मनीत, एर्लांगेनच्या आमच्या दोन खोल्यांत मी येरझाऱ्या घालतो आणि बायको, क्रांती, म्हणते, "सुगत, एका जागी राहा रे जरा, मला गरगरतंय." डॉक्टरांचं एकच पालुपद, 'गेडुल्ड', धीर धरा. त्यांना काय जातंय सांगायला.

त्यात नागपूरहून आई आली. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. ऑपरेशनच्या नावानेच तिने हाय खाल्ली होती, म्हणून मी ठणठणीत बरा झालो असं फोनवर ठोकून दिलं होतं. आता महिनाभर ते निभावायचं होतं. परत जाऊन तिने काळजीत दिवस काढावेत, हे मला नको होतं.

पहिल्याच संध्याकाळी क्रांतीने वंदनेसाठी सतरंजी अंथरली. आमच्या घरी बुद्धवंदना मांडी घालूनच होते. मी सतरंजीच्या कडेलाच घुटमळलो. तेवढ्यात आई म्हणाली, "माझे गुडघे धरलेत बाई. उभ्यानेच घेऊ."

सुटलो. पुढे तिचे गुडघे माझ्या चांगलेच कामी आले. बसमध्ये जागा असली तरी ती उभी राहायची. "बसलं की उठवत नाही," म्हणायची. मग मीही आज्ञाधारक मुलासारखा शेजारी उभा. जेवणसुद्धा ती ओट्याशी उभ्यानेच उरकायची. मला तिची दया यायची, आणि आपण तिला बरं गुंडाळलं असंही वाटायचं. ती आंघोळीला गेली की मी भिंतीला डोकं लावून कण्हून घ्यायचो.

काल तिला सोडायला म्युनिकच्या विमानतळावर गेलो. ट्रेनमध्ये आम्ही दोघं दाराशी उभे, क्रांती एकटी बसलेली. काउंटरवर बॅग जड भरली, सामान कमी करायला सांगितलं. क्रांती नेमकी पाण्याची बाटली आणायला गेली होती. आता वाकायचं कसं, या विचारानेच मला घाम फुटला.

आईने बॅग बाजूला ओढली आणि पटकन फरशीवर बसली. पक्की मांडी घालून. चॉकलेटचे डबे काढून पिशवीत भरले, चेन लावली आणि हात न टेकता उठली.

"आई, तुझे गुडघे?"

तिने पदर सारखा केला. "तुझी कंबर दुखायची थांबली की तेही थांबतील."

'मी ठीक आहे' अगदी ओठांवर आलं होतं. महिनाभर तेच तर घोकलं होतं.

"खूप दुखतं गं, आई," मी म्हणालो.

"बोललास एकदाचा. आता मी निवांत जाते," ती म्हणाली आणि पिशवी स्वतःच्याच खांद्याला अडकवली.