गिटारला सीट हीटर

माझ्या नवऱ्याला बटण दिसलं की दाबल्याशिवाय राहवत नाही. कुणाकडे जेवायला गेलो तर यजमान पाणी विचारत असतात आणि हा त्यांच्या जिन्यातला दिवा चालू-बंद करत उभा. "शुभा, ऐक, ऐक, कसला मेलेला क्लिक आहे बघ!" लोकांसमोर! पण या माणसाचं कामच ते आहे. इथे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये निम्मं गाव गाड्यांच्या धंद्यात, आणि गुरुनाथ गाड्यांच्या स्विचेसचं टेस्टिंग करतो. काचेचं बटण, वायपरचं बटण, सीट गरम करायचं बटण. ते किती जोराने दाबावं लागतं, दाबल्यावर बोटाला कसं वाटतं, यावर हे लोक तासन्‌तास मीटिंगा करतात आणि वर त्याचा पगार घेतात.

मी स्वतः एका बँकेचे डेटाबेस सांभाळते आणि शनिवारी आमच्या मंडळाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवते. चाळिशी उलटल्यावर शिकले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तर जानेवारीत मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाले होते. अंगावर काळी साडी, हातात तिळगुळाचे डबे आणि पायात सपाट चपला, कारण साडीखाली बर्फातले बूट काय दिसतात! घरासमोरच्या ड्राइव्हवेवर पाणी गोठून काच झाली होती. मी आडवी, तिळगूळ शेजारच्यांच्या अंगणात. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा दोन्ही बोटं लाकडासारखी ताठ. डॉक्टर म्हणाली, वाकतील, पण वेळ लागेल. किती वेळ, ते ती सांगेना.

आता तुम्ही म्हणाल, बाकीची तीन बोटं आहेत ना? आहेत हो. पण अंगठ्यात आणि तर्जनीत मी तारा छेडायची चकती धरते. आणि माझ्या गिटारवर दोन पिकअप आहेत, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी लोहचुंबकं. एक मानेकडचं, त्याचा आवाज गुळासारखा गोड. दुसरं खालच्या टोकाकडचं, ते मिरचीसारखं तिखट. दोन्ही एकत्र लावली की चिंचगुळाची आमटी. कोणतं कधी वाजवायचं ते एका छोट्या कांडीसारख्या स्विचने ठरतं, आणि ती कांडी वाजवता वाजवता मी करंगळीने उडवायचे. तीच करंगळी बसली संपावर.

आणि नेमकं याच वर्षी! गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला मोनाने स्वतः बांधलेलं गाणं होतं. मोना म्हणजे आमची गायिका. सुरुवात हळुवार, मधलं कडवं भरघोस, शेवट झणझणीत, आणि शेवटी गिटारचा सोलो. माझा. इतकी वर्षं मागे उभं राहून नुसती साथ केली, तेव्हा कुठे हा पहिला सोलो मिळाला होता. अनिल, जो ड्रम वाजवतो आणि बँडही तोच चालवतो, मला अगदी गोड आवाजात म्हणाला, "शुभा, हाताला त्रास नको देऊस यार. या वेळी सोलो राजेशच्या कीबोर्डवर घेऊ."

"मी वाजवणार आहे," मी म्हटलं.

"मग पाडव्याच्या आधीच्या शनिवारी पूर्ण वाजवून दाखव. त्यानंतर मला बदल करता येणार नाही."

मी गाडीत जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. पायाने दाबायचं बटण लाव असं सगळ्यांनी सुचवलं. पण काठापदराच्या साडीत स्वतःची पावलं दिसत नाहीत, तिथे बटण काय दिसणार? आणि साडी मी सोडणार नव्हते.

घरी येऊन गुरूला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला ना, मला तर डोक्यात तिडीकच गेली. बायकोची बोटं मोडलीत आणि याला दिवाळी! पण मग म्हणाला, "शुभा, अगं स्विचचाच प्रॉब्लेम आहे. स्विच मला येतो." आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग घरात पार्सलं यायला लागली. गिटारच्या दुकानांतून जे जे म्हणून मिळतं ते. लांब टोपीची कांडी आली, तिला माझा ताठ हात अडखळे. ओढायचं-दाबायचं बटण आलं, ते ओढायला हातातली चकती सोडावी लागे. फिरवायचं आलं, त्याचीही तीच रड. तांदळाच्या दाण्याएवढी एक कांडी आली, ती तर मला सापडेचना. गुरू प्रत्येक वेळी समोर बसून म्हणायचा, "कसं वाटतंय?" आणि मी म्हणायचे, "कप्पाळ वाटतंय."

शेवटी तो म्हणाला, "हे सगळे चिमटीत धरायचे स्विच आहेत. तुला तळहाताच्या कडेने ढकलता येईल असा रुंद हवा. हातमोजे घालून दाबता येतो तसा."

"असा कुठे मिळतो?"

"गाडीत," तो म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही डेट्रॉइटच्या बाजूला भंगार गाड्यांच्या यार्डात निघालो. वाटेत आमचं नेहमीचं भांडण झालं. त्याला गाडीतली गरम हवा तोंडावर लागते, मला पायांवर. तो तोंडावर करतो, मी पायांवर करते, तो पुन्हा तोंडावर. शेवटी मी हवेचं बटण मधे आणलं, म्हणजे तोंडावरही आणि पायांवरही, आणि त्याच्या हातावर चापट मारून सांगितलं, आता हात लावायचा नाही.

यार्डात शेकडो गाड्या चाकं काढून ओळीने मांडलेल्या, टपावर शिळा बर्फ. तिथली पद्धत अशी, की आपलं आपण शोधायचं, आपल्या पान्याने काढायचं, दारावर पैसे द्यायचे आणि निघायचं. मी एकेका गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसायचे, डोळे मिटायचे, चकती धरल्यासारखी बोटं धरायची आणि तळहाताच्या कडेने बटणं दाबून बघायची. गुरू खिडकीत वाकून विचारायचा. हे जड. हे निसटतं. हे दाबलं की परत उसळतं. एका गाडीत मागच्या सीटवर कुणाच्या तरी लहान मुलाचा मोजा पडला होता, तो बघून उगाचच गलबलून आलं. मग आम्ही एका बिनइंजिनाच्या व्हॅनमध्ये बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि थर्मासमधला चहा प्यायलो. खरं सांगते, लग्नानंतर इतकी छान पिकनिक आम्ही फार वेळा केली नव्हती.

आणि मग एका जुन्या मोठ्या सेडानमध्ये ते सापडलं. सीट हीटरचं बटण. रुंद, मधे किंचित खोलगट, एका बाजूला ढकललं की टक्‌, मधे आणलं की टक्‌, पलीकडे टक्‌. माझी ताठ करंगळी त्याच्यावरून अशी घसरली जशी काही ती कधी मोडलीच नव्हती.

"हेच," मी ओरडले. "गुरू, हेच! दुसरं काही नको!"

गुरूने ते दाबून बघितलं, कान जवळ नेला आणि डोळे मिटले. "काय क्लिक आहे," तो म्हणाला. "आता असे करत नाहीत."

घरी त्याने गिटारच्या पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याला चौकोनी भोक पाडलं, इतकं नेटकं की बटण जन्मापासून तिथेच असावं असं वाटे. बटणावर खुर्चीचं चित्र आणि तिच्यातून निघणाऱ्या वाफा, ते तसंच राहू दिलं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने सोल्डरिंगचा शेवटचा डाग दिला, मीटर लावला आणि म्हणाला, "एक नंबर." मी बटण या टोकाला ढकलून गोड वाजवून बघितलं, त्या टोकाला तिखट वाजवून बघितलं, आणि आनंदाने त्याच्या गळ्यातच पडले. मधलं वाजवून बघायचं काही दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी अनिलच्या बेसमेंटमध्ये सगळे जमले. गुरू मुद्दाम बघायला आला होता, हात मागे बांधून कोपऱ्यात उभा, चेहऱ्यावर नवरदेवाच्या बापाचं तेज. सुरुवात झाली. गोड आवाज छान लागला. मोनाने मधलं कडवं उचललं, मी तळहाताने बटण मधे आणलं, टक्‌.

आणि काहीच नाही. चिडीचूप. मी तारा छेडतेय आणि आवाज नाही. मोना एकटीच गातेय. अनिलने ड्रम थांबवले.

"गुरू!" मी म्हटलं. "मधे बंद आहे!"

"हो, मग?" तो म्हणाला. "मधे बंदच असतं."

"काय?"

"अगं सीट हीटर आहे तो. एकीकडे जास्त, एकीकडे कमी, मधे बंद. कुठल्याही गाडीत मधे बंदच असतं!"

"अहो गुरुनाथराव," मी म्हटलं, आणि मी अहो-राव म्हणते तेव्हा घरात भांडीसुद्धा गप्प बसतात, "मधे दोन्ही लागतात! दोन्ही! गिटार आहे ही, ढुंगण शेकायची गादी नाही!"

मोना हसू दाबायला पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी राहिली. अनिलने हळूच घड्याळ बघितलं. "शुभा, साधी कांडी परत लावता येईल का?"

"ती माझ्या हाताला हलत नाही," मी म्हटलं.

अनिल तसा वाईट माणूस नाही. "उद्या दुपारी अजून एकदा बसू," तो म्हणाला. "जमलं तर तुझं. नाहीतर राजेश."

परत येताना गाडीत गुरूचं तोंड एवढंसं झालं होतं. तो पुटपुटत होता, मधे दोन्ही देणारं असं रुंद बटण कुठे मिळेल, मागवलं तरी उद्यापर्यंत यायचं नाही. माझे पाय गारठले होते. हवा अर्थातच त्याच्या तोंडावर. माझा पारा पुन्हा चढला.

"कुठल्याही गाडीत मधे बंद असतं म्हणे!" मी हवेचं बटण खसकन मधे आणलं. "हे काय आहे मग? हे मधे आहे ना? तोंडावर येतेय ना? पायांवर येतेय ना?"

गुरूने त्या बटणाकडे बघितलं. मग इंडिकेटर दिला आणि गाडी सरळ देशी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये घालून उभी केली. मला वाटलं, चिडला.

"शुभा," तो म्हणाला, "हवा दोन्हीकडे येतच असते. झडप फक्त एक बाजू अडवते. मधे ती कुणालाच अडवत नाही."

"बरं मग?"

"मी उलटं केलं गं. मी स्विचने एकेकाला चालू करत होतो. दोन्ही पिकअप कायम चालूच ठेवायची, एकामागे एक जोडून, रेल्वेच्या डब्यांसारखी. स्विचने फक्त एकाला गप्प करायचं. इकडे ढकललं की हे गप्प, तिकडे ढकललं की ते गप्प. आणि मधे..." त्याने वाफ धरलेल्या काचेवर बोटाने दोन चौकोन काढले आणि त्यांना रेघेने जोडलं. "मधे कुणीच गप्प नाही."

"आणि बटण?"

"हेच. तुझंच. फक्त आतलं वायरिंग बदलायचं."

मी भर पार्किंगमध्ये त्याचा मुका घेतला. दुकानातून बाहेर येणाऱ्या एका मावशींच्या हातातली कोथिंबीर पडली.

रविवारी सकाळी त्याने वायरिंग बदललं. मी या टोकाला वाजवलं, त्या टोकाला वाजवलं, मग श्वास धरून बटण मधे आणलं. आवाज असा भरून आला की खिडकीची काच थरथरली. जुन्या स्विचवर मधला आवाज कधीच एवढा दमदार नव्हता. गुरू म्हणाला, एकामागे एक जोडली की दोघांची ताकद एकत्र होते. मी म्हटलं, गप्प बस, ऐकू दे. दुपारी अनिलने मधलं कडवं ऐकलं, ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "राजेश, सॉरी रे."

पाडव्याला मी हिरवी काठापदराची नेसले होते. हॉल भरलेला. गोड झालं, मोनाने मधलं कडवं उचललं, टक्‌, आणि तो आवाज आमच्या दोघींच्या भोवती उभा राहिला. मग शेवटचं टक्‌, तिखट, आणि मी पुढे आले. काय वाजवलं ते मला आता सांगता येणार नाही. लोक टाळ्यांचा ठेका धरून उभे राहिले एवढं आठवतं, आणि माझी ती दोन ताठ बोटं प्रकाशात झेंड्यासारखी वर उभी होती, त्याची मला जराही लाज वाटली नाही. गुरू पहिल्या रांगेत रडत होता. नंतर म्हणाला, क्लिक ऐकू येत होता, म्हणून.

कार्यक्रमानंतर बायका गिटारभोवती जमल्या. "शुभाताई, ही खुर्ची आणि वाफा कसल्या?" मी म्हटलं, मिशिगनच्या थंडीत वाजवायची गिटार आहे, तिला सीट हीटर लागतोच.

गाडीत बसलो. गुरूने इंजिन सुरू केलं, माझ्याकडे बघून हसला आणि आपणहून हवेचं बटण मधे आणलं.

"पायांवर कर," मी म्हटलं. "आज माझा दिवस आहे."

त्याने केलं.