फणसाच्या खोक्यांतले स्पीकर

माझ्या नवऱ्याचं नाव परशुराम. उखाण्याशिवाय मी ते घेत नाही. इथे एकदाच घेतलं, पुढे ‘हे’ म्हणजे तेच समजा. ह्यांच्या संसारात आम्ही दोघी होतो. एक मी, केशर, आणि दुसरी ती जुनी विलीस पिकअप. सुप्याच्या धरणाच्या कामावर सिमेंट वाहून वाहून म्हातारी झालेली, मोडीत निघाल्यावर लिलावात घेतलेली. सवतीला माझ्यापेक्षा जास्त तेलपाणी मिळतं, असं मी ह्यांच्या तोंडावर म्हणायची. हे नुसते हसायचे.

आमची वाडी जोयड्यापासून बरीच आत, जंगलात. बस मोठ्या रस्त्यावर सोडून निघून जायची. त्यामुळे भाताची पोती, वऱ्हाडं, उळवीच्या जत्रेची माणसं, दुखणेकरी, सगळं ह्या एका गाडीतून चालायचं. एक्याण्णव साली सुगी आटोपल्यावर ह्यांच्या डोक्यात स्पीकर शिरले. बेळगावला गेले आणि चार स्पीकर आणि एक टेप घेऊन आले.

मी म्हटलं, “गाडीच्या खिडक्यांना काचा न्हाईत आनि गानी कशाला पायजेत?”

“काच न्हाई म्हून तर आवाज भाईर जातोय. बरंच हाय की.”

अशा माणसापुढे काय कपाळ फोडायचं!

स्पीकरची तयार खोकी त्या गाडीत बसेनात. सीटमागे जागा अरुंद, पत्रा जागोजागी वाकलेला. मग नारायण सुतार आला. त्याने फणसाच्या फळ्या रंधून त्या वाकड्या जागेच्याच मापाची खोकी केली. दोन सीटच्या मागे बसवली, दोन मागच्या हौद्याच्या कोपऱ्यांत, वर पावसासाठी पत्र्याची झापड. आवाज फार घुमतो म्हणून आत जुन्या गादीचा कापूस कोंबला. तोंडाला जाळी हवी, तर मला न विचारता माझी तांदळाची चाळण कापली. मी घर डोक्यावर घेतलं. आमची तारा तेव्हा सात वर्षांची. ती बापाच्या बाजूने उभी राहिली.

“आये, बोंबलू नको. खडे मी हातानं वेचतो.”

वेचले मात्र एक दिवस नाहीत. हौद्यातल्या खोक्याला पाठ लावून बसायची आणि गाणं लागलं की म्हणायची, “आप्पा, पाटीत गुदगुल्या होत्यात.” बाप खूश. कॅसेट एकच होती, कन्नड गाण्यांची. ती ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं, पण भांडी घासताना तेच गाणं माझ्याही तोंडी यायचं.

वाडीच्या वरच्या अंगाला वाघदेवाचं वळण आहे. गाडी तिथे आली की आवाज थेट दरीतून खाली उतरतो. गाडी मात्र फेरा घेऊन, ओढा ओलांडून येते. तोवर चुलीवरचा भात शिजून होतो. एकदा वाडीतल्या म्हाताऱ्या गोपाळअज्जाला दवाखान्यातून परत आणताना अज्जा वाटेतच गेला. ह्यांनी मेलेल्या माणसाचा मान राखून टेप बंद ठेवला. पुढे झिलूची बायको बरी होऊन आली, तेव्हा वळणापासूनच गाणं. कोणी बसून ठरवलं नाही, पण वाडीत रीतच पडली. दुखणेकऱ्याला घेऊन गाडी गेली की घरची माणसं वळणाकडे कान लावून बसायची. गाणं आलं तर चुलीवर पेज चढायची. नुसतं इंजिन ऐकू आलं तर पुरुषमाणसं कोयते घेऊन बांबू तोडायला उठायची. गाडी अंगणात येईपर्यंत तिरडीची तयारी झालेली असायची. आमच्याकडे फोन नव्हता, पण बातमी अशी गाडीच्या आधी पोचायची. त्यावर कोणी कधी शंका घेतली नाही.

दुसऱ्या वर्षी थंडीत मी बाळंत झाले. मुलगा झाला. त्याचं बारसं अजून व्हायचं होतं आणि ताराला ताप भरला. आधी काढे दिले, अंगारा लावला. मग ती हाकेला ओ देईना. ह्यांनी तिला हौद्यात चटईवर निजवलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मीही पदर खोचून निघाले, तर त्यांनी वरूनच हात केला.

“ओली बाळंतीण तू. बारशाआदी उंबरा वलांडायचा न्हाई. पोराला पाज. पोरीजवळ मी हाय.”

गाडी गेली. दांडेलीच्या दवाखान्यातून तिला पुढे बेळगावला नेल्याचं कोणाकडून तरी कळलं, बाकी काही नाही. शेजारची रुक्मिणी माझ्या सोबतीला येऊन राहिली. बाळाला शेक देताना, अंग चोळून घेताना, माझे कान वळणावर. लाकडाचा ट्रक गेला तरी मी उठून बसायची. उळवीच्या देवाला मी काय काय बोलले ते आता आठवतही नाही. शेवटी नुसतं म्हणत होते, गाणं येऊ दे.

आणि आलं. दुपार कलली होती. आधी मला भास वाटला, पण रुक्मिणी अंगणातून ओरडत आली, “केशरी, आयकलंस न्हवं? आली गं तुजी तारा!”

मी रडले, हसले, रुक्मिणीच्या गळ्यात पडले. आवाजाने बाळ उठलं, त्याला पदराखाली घेतलं. त्या दिवसांत काळजीने माझं दूध आटल्यासारखं झालं होतं, पण तेव्हा असा पान्हा फुटला की पोराला गिळता येईना. त्याला पाजत पाजत मी ते कंटाळवाणं गाणं गुणगुणत होते. रुक्मिणीने पेज चढवली, ताराच्या अंघोळीला पाणी तापत टाकलं. आल्या आल्या कार्टीला आधी चांगली झापायची, आईला एवढं घाबरवतात का म्हणून, आणि मग जवळ घ्यायची, असं मी ठरवूनही टाकलं. पोर पोटभर पिऊन झोपलं.

गाडी अंगणात आली तेव्हा गाणं मोठ्याने चालूच होतं. माणसं हसत जमली होती. मी बारशाची वाट न बघता उंबरा ओलांडला. हौद्यातून आत्याबाई एकट्याच उतरल्या. माझ्याकडे बघून पहिलं काय विचारलं असेल, तर, “पोराला पाजलंस?”

“व्हय, आत्ताच पाजलं. तारा कुटं हाय?”

त्या गाडीच्या पुढच्या अंगाला वळून म्हणाल्या, “परशा, आता बंद कर रे बाबा,” आणि तिथेच मातीत बसल्या.

मी हौद्यात वाकून पाहिलं. तारा चटईवर होती. तोंडावरून चादर ओढलेली होती.

पाजत्या आईच्या कानावर मरण पडलं की दूध फिरतं आणि ते बाळाला बाधतं, असं आमच्याकडे मानतात. एक गेलंच आहे, दुसऱ्याचं पोट तरी भरू दे, म्हणून आत्याबाईंनी वळणावर लेकाला टेप लावायला लावला होता. तसं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण तेव्हा कोणी न सांगताच मला सगळं समजलं, आणि खरं सांगते, आधी दुःख आलं नाही, राग आला. वाडीत एकेकाच्या मेलेल्या माणसाचा ह्यांनी मान राखला आणि माझ्याशी, माझ्या लेकीवरून, असं खोटं! ह्यांना ओढून खाली काढायचं म्हणून मी धावत पुढे गेले.

हे सीटवर तसेच बसले होते. दोन्ही हात चाकावर, नजर समोर. सदरा छातीपर्यंत भिजलेला. आईने सांगूनही ह्यांचा हात टेपकडे जात नव्हता. मी खिडकीतून हात घातला आणि बटण फिरवलं.

गाणं थांबलं तसं अंगणातल्यांना कळलं. झिलू कोयता आणायला गेला. रुक्मिणीने तापलेलं पाणी चुलीवरून उतरवलं. मी तिथेच गाडीचं दार धरून उभी होते आणि माझ्या तोंडून ह्यांच्यासाठी शिवीसुद्धा निघत नव्हती. वळणापासून अंगणापर्यंतचा तो सगळा वेळ मी आत हसत होते. तेच गाणं, तेवढाच वेळ, ह्यांनी पाठीमागे पोरीला घेऊन ऐकलं होतं, आणि ह्यांना सगळं माहीत होतं.