माझ्यावरची तिसरी ओळ

मी एक कागद बोलतोय. एका बाजूने छापलेला, मागून कोरा. पुण्याच्या कॉलेजात मला सीव्ही म्हणतात आणि इथे लांज्याच्या आतल्या अंगाच्या वाडीत बायोडेटा. तिथल्या दमयंतीकाकूंना तर आधी वाटलं, मला लग्नासाठी काढलंय. मुलाची उंची कुठे लिहिलीय, असं त्यांनी विचारलंसुद्धा. उंची माझ्यावर नाही. जे आहे त्यातलं बहुतेक खरं आहे. एक ओळ तेवढी खरी नाही, आणि तिच्यापायी मी आजही मान वर करून बोलू शकत नाही. ती लिहिली विनीतने, पण चारचौघांत मिरवली मी.

विनीत हा सगुणाबाईंचा एकुलता एक मुलगा. वडील भागोजी मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये असतात. गणपतीला आणि शिमग्याला येतात. विनीत रत्नागिरीला इंजिनियर झाला, एक परीक्षा चांगली गेली आणि पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात पोचला. तिथे पहिल्याच महिन्यात त्याच्या कानावर कन्सल्टिंग हा शब्द आला. दुसऱ्यांच्या धंद्यात काय बिघडलंय ते शोधायचं आणि त्यांना सल्ला द्यायचा, असं ते काम. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना तेच हवं होतं. पण त्या कंपन्या तीनशेतल्या पंचवीस-तीस जणांनाच मुलाखतीला बोलावत. आणि कुणाला बोलवायचं हे ठरायचं माझ्यासारख्या एका पानावरून. ते पान म्हणे अर्धं मिनिट बघतात.

माझा पहिला अवतार लॅपटॉपवर तयार झाला तेव्हा मी साधा होतो. मार्क, एक प्रोजेक्ट, कॉलेजच्या कबड्डी संघात दोन वर्षं, बस्स. पहिल्या वर्षी एकाही कंपनीने बोलावलं नाही. यादी लागली की विनीत ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचायचा, जणू आपलं नाव डोळ्यांतून सुटलं असावं. मग मला उघडून बघत बसायचा. त्या वेळी मला माझ्या रितेपणाची लाज वाटायची. खरी लाज कशाला म्हणतात ते अजून कळायचं होतं.

दुसऱ्या वर्षी संदेश नावाच्या त्याच्या सीनियरने मला वाचलं. तो आदल्या वर्षी अशाच एका कंपनीत लागला होता आणि मागच्यांना मदत करायचा. माणूस वाईट नव्हता. हे पान कुणाचंही असू शकेल, असं तो म्हणाला. तू कुठे पुढे होऊन काही बदललंस, तेवढं सांग. विनीतला काही आठवेना. मग सहज बोलावं तसं त्याने आईच्या काजूच्या शेडबद्दल सांगितलं.

ती हकीकत अशी. वाडीतल्या चौदा बायकांनी मिळून काजू फोडायची शेड घातली होती. काजूच्या बिया आधी वाफवतात आणि मग हाताच्या मशीनवर एकेक फोडून गर काढतात. या बायका सकाळी वाफवलेल्या बिया दुपारीच फोडायला घेत, आणि दहा किलो गरात तीन किलो फुटका तुकडाच निघे. सगुणाबाईंचं म्हणणं पडलं, बिया एक दिवस पसरून थंड होऊ द्याव्यात. बाकीच्यांना ते पटेना, दिवस फुकट जाईल म्हणून. सगळ्यांत जास्त विरोध दमयंतीकाकूंचा. सगुणाबाई भांडल्या नाहीत. महिनाभर त्यांनी आपल्या वाटणीच्या बिया वेगळ्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी फोडल्या, आणि मग एक दिवस सगळ्यांसमोर गराचे दोन ढीग शेजारीशेजारी घातले. दुसऱ्या ढिगात तुकडा जेमतेम होता. तेव्हापासून शेडमध्ये तीच पद्धत आहे.

संदेशने विचारलं, "यात तू काय केलंस?"

"मशीनसाठी सरकारी योजनेचा अर्ज इंग्रजीत लिहून दिला."

"म्हणजे होतास ना तू त्यात."

एवढंच तो म्हणाला. पुढचं काम विनीतने एकट्याने केलं. आम्हा सीव्हींची एक खोड तुम्हाला सांगतो. आमच्या ओळींमध्ये 'मी' नसतो, 'ती' नसते, कुणीच नसतं. ओळ सुरूच होते ती केलं, घडवलं, वाढवलं अशा इंग्रजी शब्दाने. मग ज्याचं नाव सगळ्यात वर, केलेलं सगळं त्याचं. तशीच माझी तिसरी ओळ तयार झाली: लांजा तालुक्यात चौदा महिलांच्या काजू उद्योगाचं नेतृत्व केलं, नवी पद्धत आणून मालाची तूट तीस टक्क्यांवरून दहावर आणली. टाईप झाल्यावर विनीतने ती पुसली. पुन्हा लिहिली. तिसऱ्यांदा लिहिली ती राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला होता तेव्हा यादी लागली, आणि तिच्यात त्याचं नाव होतं. पहिली मुलाखत व्हिडिओ कॉलवर व्हायची होती. लांज्याला जाऊन त्याने मला छापून आणलं, समोर ठेवायला. घरात रेंज धड येत नाही. रेंज आहे ती रस्त्याकडेच्या शेडमध्ये. म्हणून शेडच्या सामानाच्या खोलीत टेबल मांडलं, त्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपशेजारी मी.

मशीनचा आवाज होऊ नये म्हणून बायकांनी त्या दिवशी तासभर काम बंद ठेवलं. विनीतने सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं. खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. पडद्यापलीकडे चौदा जणी, काजूच्या चिकाने भाजू नये म्हणून लावतात ते तेल बोटांना चोळत, गप्प बसून होत्या. दमयंतीकाकूंची सून श्रद्धासुद्धा होती. ती लांज्याच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. शाळेला सुट्टी म्हणून मदतीला आली होती.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम मुंबईहून बोलत होत्या. बोलणं सगळं इंग्रजीत. एक कोडं घातलं, विनीतने ते नीट सोडवलं. मग त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बदल म्हटला की विरोध होतोच. इथे सर्वांत जास्त विरोध कुणी केला, आणि तुम्ही त्यांना कसं पटवलं?

विनीतने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मग तो बोलू लागला. एक वयस्क बाई होत्या, फार शिकलेल्या नाहीत, जुनी पद्धत सोडायला तयारच नव्हत्या. मी महिनाभर थोड्या बिया वेगळ्या ठेवल्या आणि त्यांच्यासमोर दोन ढीग घातले. मॅडमना ते आवडलं. त्या बाईंचं नाव काय, असं त्यांनी हसून विचारलं. आणि घाईत त्याच्या तोंडात जे नाव सगळ्यात आधी आलं तेच त्याने सांगितलं.

"सगुणा."

पडद्यापलीकडे हलकी हालचाल झाली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण नाव सगळ्यांना कळलं.

कॉल संपल्यावर सगुणाबाई आत आल्या. हातात चहाचा कप. चेहरा उजळला होता. "माजं नाव घेतलंस ना रे बाबू? काय सांगितलंस?"

"तू माझी आई आहेस, शेड तू चालवतेस, असं सांगितलं."

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं. बायका हसल्या, एकीने त्यांच्या पाठीवर थाप मारली, मशिनी सुरू झाल्या. श्रद्धा तेवढी हसली नाही. मी टेबलावर पालथा पडलो होतो. कुणी मला सरळ करू नये, एवढीच माझी इच्छा होती.

चार दिवसांनी निरोप आला की दुसऱ्या फेरीसाठी पुण्याला या. विनीत दुसऱ्या प्रती घेऊन जाणार होता, म्हणून सगुणाबाईंनी मला उचललं आणि शेडमध्ये नेलं. माझ्या पोराचं कागदावर काय काय लिवलंय ते वाचून दाखव, असं त्या श्रद्धाला म्हणाल्या. श्रद्धाने मला हातात घेतलं. शिक्षण वाचलं, मार्क वाचले, मराठीत सांगितलं. तिसरी ओळ सोडून ती कबड्डीवर गेली.

सगुणाबाईंना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्यांनी माझ्यावर बोट टेकवलं. "हे राहिलं की. हितं चौदा लिवलंय. आमी चौदा जणी."

"काकी, ते असंच आहे काहीतरी."

"असंच काय? वाच."

श्रद्धाने वाचलं. हळू, एकेक शब्द मराठीत करून. वाचून झालं. मग दमयंतीकाकूंनी विचारलं, "हे विनीतने केलान?"

मला वाटलं आता सगुणाबाई मला फाडतील. फाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझी घडी घातली आणि म्हणाल्या, "इंग्रजीत लिवताना असंच लिवतात. सगळ्या मिळून केलं तरी एकाचंच नाव घालतात."

मुलाची लाज त्यांनी आपल्या अंगावर घेतली. त्यांच्या मुठीत मी होतो, आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी माझी आणखी तीनदा घडी घातली, हे फक्त मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर त्यांनी विनीतला पडवीत बसवलं. रागावल्या नाहीत. "माजं नाव घेतलंस तेव्हा काय म्हटलंस ते आता खरं सांग," एवढंच म्हणाल्या. विनीतने सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं.

त्यांनी माझी घडी उलगडून मला मांडीवर सरळ केलं. मग म्हणाल्या, "काम घेतलंस ते घेतलंस. तुजंच आहे, मी कुणासाठी करते? पण मला हटवादी कशाला केलंस?"

आये, मी त्या मॅडमना फोन करून सांगतो, असं तो म्हणाला. ते तुजं तू बघ, असं म्हणून त्या उठल्या आणि चुलीकडे गेल्या. विनीतने फोन हातात घेतला. नंबर काढला. मग फोन खाली ठेवला आणि स्वतःशीच ठरवलं की दुसऱ्या फेरीत विचारतील तेव्हा समोरासमोर सांगायचं.

पुढचं मी ऐकलेलं आहे, कारण मी इथेच राहिलो होतो. पुण्याला तीन जणांनी त्याची मुलाखत घेतली. एकाने सिमेंटच्या ट्रकांबद्दल कोडं घातलं, दुसऱ्याने हॉस्पिटलातल्या रांगेबद्दल. तिसऱ्यापुढे माझी प्रत होती. त्याने कबड्डीत कुठल्या जागी खेळायचास, एवढंच विचारलं. तिसऱ्या ओळीचं कुणी नाव काढलं नाही. संध्याकाळी विनीतची निवड झाल्याचं जाहीर झालं. मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि तो मला खाली उतरवा म्हणत राहिला, हे त्यानेच आईला नंतर सांगितलं.

संक्रांतीला तो पेढे घेऊन आला. सगुणाबाईंनी खोका हातात घेतला नाही. आधी शेडमध्ये जा आणि त्यांना सांग, म्हणाल्या, मग वाट.

विनीत मशिनींच्या मधोमध उभा राहिला. खोका काखेत. त्याने सगळं सांगितलं: ओळ कुणी लिहिली, ढीग कुणाचे होते, मॅडमना काय सांगितलं. बोलताना त्याचं लक्ष जमिनीवर पडलेली टरफलं मोजण्यात असावं तसं दिसत होतं.

दमयंतीकाकूंनी मशीनचा दांडा सोडला. "हटून बसलेली ती मी होते," त्या म्हणाल्या. "खोटंच सांगायचं होतं, तर माजं तरी नाव घ्यायचंस. तिचं कशाला घेतलंस?"

त्यावर तो रडला. कुणी त्याची समजूत घातली नाही. थोड्या वेळाने एकीने खोका त्याच्या हातून घेतला, पेढे वाटले, आणि सगळ्यांनी खाल्ले. तोंड गोड केल्याशिवाय पोराला परत पाठवत नाहीत, म्हणून. माफ केलं असं मात्र कुणी म्हणालं नाही, आणि मलाही ते तसं वाटलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्याने आईकडे मला मागितलं. मी बायकांच्या गटाच्या फायलीत होतो, योजनेच्या अर्जाच्या प्रतीखाली. मला जाळून टाकायचं त्याच्या मनात होतं. माझ्याही मनात तेच होतं.

सगुणाबाईंनी फाईल मिटली. "नको. अर्जात नुसतं मागणं आहे. आमचं काम इंग्रजीत लिवलेला हा एकच कागद आहे."

त्यामुळे मी अजून आहे. माझ्या कोऱ्या बाजूला श्रद्धाने सगुणाबाईंच्या सांगण्यावरून चौदा नावं लिहिली आहेत, मराठीत, निळ्या शाईने. शाई थोडी फुटून पुढच्या बाजूला आलीय. उजेडात धरलं तर तिसऱ्या ओळीच्या मागे ती नावं दिसतात. विनीत आता मुंबईला मोठ्या ऑफिसात जातो. कंपनीला त्याने अजून काही सांगितलेलं नाही. दर रविवारी आईचा फोन येतो, ती जेवलास का विचारते, आणि त्या ओळीबद्दल दोघंही बोलत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर माझी भावंडं ढिगाने येत असतील, तर एक विनंती आहे. कोडी घाला, कबड्डीबद्दल विचारा, पण त्याआधी अशा एखाद्या ओळीवर बोट ठेवून शांतपणे विचारा, हे करताना तुझ्याबरोबर कोण कोण होतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. समोरचा पोरगा कदाचित त्याच प्रश्नाची वाट बघत बसलेला असेल.