उणे एकोणीस हजार चारशे सत्तर अंशांचा ब्रेड

जावईबापूंनी चांगली नोकरी सोडली तेव्हा सासरी कोणी रडलं नाही, हेच त्यांना लागलं. सासऱ्यांनी फक्त विचारलं, "मग आता काय करणार?" "ब्रेड कितपत गार झाला हे सांगणारी पेटी," असं उत्तर आलं.

सासऱ्यांची बेकरी होती. भट्टीतून निघालेला ब्रेड गरम असतानाच कापला तर यंत्रात त्याचा चोथा होतो, आणि नको तितका ठेवला तर वाळतो. म्हणून ठरलं असं, की एका रॅकवर महिनाभर पेटी लावून बघायची. नीट चालली तर मागची खोली जावईबापूंच्या वर्कशॉपला. चुकली तर दुसऱ्या दिवसापासून जावईबापू काउंटरवर. काउंटरवर उभं राहण्यात तसं वाईट काही नाही. पण ज्या माणसाचं पाहुण्यांसमोर तीनदा 'एम्बेडेड सिस्टिम' म्हणून झालंय, त्याला ते जड जातं.

पेटीतलं गणित साधं होतं: भट्टीतून निघून किती तास झाले, त्यावरून ब्रेडचं तापमान काढायचं. गरम वस्तू आधी भराभर गार होते आणि पुढे रेंगाळते. ते मोजायला 'ई' नावाच्या संख्येचा ऋण घात काढावा लागतो. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी तयार फंक्शन असतं, एका ओळीत काम होतं. पण जावईबापूंनी हौसेनं निवडलेली चिप इतकी चिमुकली होती, की गणिताची लायब्ररी आत घेतली असती तर बाकीच्या प्रोग्रॅमला बाहेर उभं राहावं लागलं असतं. म्हणून त्यांनी ते फंक्शन स्वतःच लिहिलं. एक, अधिक क्ष, अधिक क्षचा वर्ग भागिले दोन, अधिक घन भागिले सहा, असं लूपमध्ये पुढचं पद नगण्य होईपर्यंत मिळवत जायचं. बारा ओळी. त्या त्यांनी बायकोला वाचून दाखवल्या. ती मध्येच उठून गेली नाही, हीच त्यांनी दाद मानली.

एकोणतीस दिवस पेटी शहाण्यासारखी वागली. तिसाव्या दिवशी सकाळी नऊला आत्याबाईंनी हाक मारली. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. बेकरीत पीठ मळायचं खातं त्यांच्याकडे, आणि मत द्यायचंही.

"अरे, तुझी पेटी काय बरळतेय बघ जरा."

आदल्या दिवशी आठला ब्रेड काढून सगळे लगबगीनं लग्नाला गेले होते आणि एक ट्रे रॅकवर तसाच राहिला होता. पंचवीस तास. सासरे पेटीसमोर हाताची घडी घालून उभे होते.

"वाचा, जावईबापू."

"उणे एकोणीस हजार चारशे सत्तर."

"अंश?"

"अंश."

सासऱ्यांनी एक बोट ब्रेडला लावलं, परत काढलं आणि मोजून पाहिल्यासारखं पाहिलं. "आहे जागेवर," ते म्हणाले.

विश्वात उणे दोनशे त्र्याहत्तरच्या खाली काहीच जाऊ शकत नाही, हे जावईबापूंच्या ओठांवर आलं होतं. पण ही माहिती आपल्या बाजूची नाही, हे त्यांच्या वेळेत लक्षात आलं.

"बाबा, बारा वाजेपर्यंत वेळ द्या."

"घ्या की. काउंटर उद्या सकाळी सहाला उघडतो."

जावईबापू लॅपटॉप घेऊन पिठाच्या पोत्यावर बसले आणि बेरजेतलं एकेक पद स्क्रीनवर काढू लागले. पंचवीस तासांचे उणे पंचवीस. अधिक तीनशे बारा. आकडे फुगत फुगत अधिक पाचशे सत्तर कोटी, लगेच उणे पाचशे सत्तर कोटी. आत्याबाई पिठाचे हात घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"एवढं मिळवायचं, तेवढंच काढायचं. आणि हातात काय उरायला हवं?"

"जवळजवळ काहीच नाही, आत्या. पॉइंटनंतर दहा शून्यं, मग एक."

"आणि हा तुझा मोजणारा, तो पक्का आहे का?"

मोजणारा म्हणजे फ्लोट, चिप दशांशातले आकडे ज्यात साठवते तो प्रकार. तो सात आकडे धड लक्षात ठेवतो. अब्जांच्या घरात गेला की शेकडे अंदाजानं ठोकून देतो. जावईबापूंनी हे जरा सौम्य शब्दांत सांगितलं.

"म्हणजे चिमूटभर मीठ मोजायला तू मिठासकट ट्रक काट्यावर चढवतोस, मग बिनमिठाचा चढवतोस, आणि वजाबाकी करतोस. वर म्हणतोस, मीठ उणे तीनशे किलो भरलं. अरे, वजाबाकी येऊच कशाला देतोस मधे?"

जावईबापूंनी लॅपटॉप पुढे ओढला. नोकरीत त्यांच्या साहेबांनी नऊ वर्षांत इतकं कामाचं काही विचारलं नव्हतं.

क्ष ऋण असेल तर आधी त्याचं चिन्ह बदलायचं. मग सगळी पदं धन, नुसती बेरीज, कोणी कोणाला खात नाही. येईल त्या मोठ्या आकड्यानं एकाला भागायचं. दोन ओळी. पावणेबाराला त्यांनी नवा प्रोग्रॅम चिपमध्ये भरला, काल सकाळी आठची वेळ हातानं टाकली, आणि पेटीनं निमूटपणे तीस अंश दाखवले. खोलीत तेवढेच होते.

सासऱ्यांनी मान डोलावली. जावईबापूंना हायसं वाटलं, पण ती मान नुसती विचार करत होती.

"महिनाभर तुम्ही तपासलंत काय?"

"रोजचा ब्रेड, बाबा. अडीच-तीन तासांत सगळा कापून होतो. तेवढ्यात आकडे फुगत नाहीत."

"म्हणजे ताजा. बेकरीत शिळा ब्रेडही असतो, हे कानावर आलं नाही कधी?"

जावईबापूंनी अंगावरचं पीठ झटकलं.

"खोली तुमची. दुपारनंतर," सासरे म्हणाले. "सकाळी काउंटर. शिळ्याची खबर तिथेच येते."

जावईबापूंनी वाद घालायला तोंड उघडलं. कापायच्या यंत्रापाशी बायको उभी होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "हो म्हण."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला एक बाई आल्या आणि त्यांनी काउंटरवर ब्रेड आपटला. आवाज लाकडासारखा आला.

"हा दगड कोणी विकला?"

"किती तासांचा आहे?"

"किती तास काय? तीन दिवस झाले."

जावईबापूंनी कागदावर बहात्तर लिहिलं. लिहिताना त्यांना चक्क बरं वाटलं. "आणि ठेवला कुठे होता?"

"फ्रीजमध्ये. दुसरीकडे कुठे ठेवतात?"

पेन थांबलं. ब्रेड खोलीपेक्षा गार असू शकतो, ही शक्यता चौदा ओळींत कुठेही नव्हती. मागे रांगेत चार माणसं चुळबुळत होती. जावईबापूंनी आतून स्टूल आणलं आणि बाईंना म्हणाले, "बसा ना जरा. फ्रीज कितीवर लावलेला असतो तुमचा?"