टाळीला येणारे मासे

"डोळे मिटा!" जळबाबा गरजले, आणि दोरीमागे ताटकळलेल्या झाडून सगळ्यांनी डोळे मिटले. नुकतं उजाडत होतं. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात फोन, बाकीच्यांचे हात जोडलेले. "श्वास आत! पाण्याच्या लहरी हृदयात! आता मी माझ्या लेकरांना हाक मारतो." मग एक सणसणीत टाळी. "उघडा!"

डोहभर मासे! लहान-मोठे, शेकड्यांनी, पाण्याबाहेर तोंडं काढून उघडझाप करत होते. "बघा, नाम घेतायत!" बाबा म्हणाले, आणि गर्दीला हुंदकाच फुटला. माझ्या शेजारची बाई तर चक्क रडायला लागली.

फक्त एक भानगड होती. मी डोळे मिटलेच नव्हते. मासे टाळीच्या आधीपासून तिथेच होते.

मी छातीच्या रोगांची डॉक्टर. दिवसभर लोकांचे श्वास ऐकते, त्यामुळे कुणी 'श्वास आत' म्हटलं की माझे कान टवकारतात. डोहावर मी गेले होते ती आत्यासाठी. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून या ओढ्याने तिला वेड लावलंय. आधी एकटीच प्लास्टिक उपसायची. मग शेजारपाजारचे आले, शिंपीकाका आले आणि 'ओढ्याची मंडळी' तयार झाली. टायर काढले, गाद्या काढल्या, काठावर झाडं लावली. खंड्या आणि पाणकोंबड्या परतल्या. मासे मात्र दिसत नव्हते. मग हे बाबा उगवले, आणि मासे दिसायला लागले. आत्याला वाटलं, कष्टांचं चीज झालं. तिथेच फसली बिचारी.

त्या दुपारी मी तिच्या घरी गेले. दाराशी वर्तमानपत्रावर चिखलाचे बूट, दोरीवर रबरी हातमोजे वाळत घातलेले. आत्या ओट्याला धरून उभी होती. चहाचं पातेलं उचलायचं तर दोनदा थांबली.

"आत्या, पंप कुठाय तुझा?"

"सोडला." तिने तोंड फिरवलं. "बाबा म्हणाले, माशांकडे आहे का पंप? त्यांच्यासारखं तोंडाने श्वास घ्यायला शिका, दमा आपोआप पळेल."

"आणि तू ऐकलंस? मी काय भाजी निवडायला डॉक्टर झाले?"

"चिडू नकोस गं. इतकी वर्षं तुझं औषध घेतलं, दमा गेला का? त्यांनी मासे आणले. डोळ्यांनी पाहिलेत मी."

तिच्या गळ्याचे स्नायू ताठले होते, खांदे वर चढले होते. छातीला कान लावायचीही गरज नव्हती. मी नवा पंप आणला, समजावलं, भांडले, शेवटी हातापाया पडले. बाईने ओठ मिटून घेतले ते मिटलेच. "उद्या मोठा मेळावा आहे," एवढंच म्हणाली. "सगळे बाबांकडून घेतलेले पिठाचे गोळे माशांना टाकायला आणणारेत. तो होऊ दे, मग बघू."

मी तरातरा डोहावर गेले. भर उन्हात पाण्यावर एकही तोंड नव्हतं. बाबा फक्त पहाटेच का येतात, याचा पहिला धागा तिथे हाती लागला. दुसरा नाकाला लागला. आंबूस, कुजका वास. काठीने तळ ढवळला तर पिठाचा काळा, बुळबुळीत लगदा वर आला. रोज भक्तांनी बाबांकडून विकत घेऊन टाकलेले गोळे! आणि ओढा जिथून खळखळत डोहात पडायचा, तिथे वाळूची पोती रचलेली.

"ही कुणी लावली?" मी काठावरच्या शिंपीकाकांना विचारलं.

"आम्हीच की," काका ओशाळले. "बाबांना खळखळाट चालत नाही. साधना मोडते म्हणाले."

आता मला सगळं लख्ख कळलं. उद्या एवढ्या माणसांनी पीठ ओतलं की परवा डोहात एक मासा जिवंत राहणार नव्हता. आणि आत्याला तेवढी तरी सवड होती का, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तुडुंब गर्दी, प्रत्येकाच्या हातात पिशवी. आत्या पालथ्या बादलीवर बसलेली. बाबांनी डोळे मिटायला सांगितलं आणि मी ओरडले, "कुणी मिटू नका! मासे आधीच वर आलेत, बघा!"

एकच गलका झाला. बाबा हसले. "डॉक्टरीणबाई, श्रद्धेची नाडी तुम्हाला सापडायची नाही."

"माशाची सापडते ना! धडधाकट मासा टाळी ऐकून पळतो. हे हलत नाहीत, कारण यांच्यात पळायचं त्राणच नाही. ती पोती काढू या. मासे तुमचे असतील तर तुमच्यापाशीच थांबतील."

"लहरी बिघडतील!"

"बिघडू द्या की," कालची रडणारी बाई म्हणाली. "तुमचीच लेकरं ना? जातायत कुठे!"

शिंपीकाकांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पाण्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं, खांदे वर. समोर मासे तसेच. तिचा हात हळूच स्वतःच्या तोंडाकडे गेला.

"काढा... पोती," ती म्हणाली.

काकांनी पोती ओढली. पाणी धबाधबा कोसळलं, फेस उसळला, बुडबुडे लांबवर गेले. थोडा वेळ काहीच झालं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग जवळचे दोन-चार मासे वळले, त्यांच्यामागून आणखी, आणि बघता बघता सगळा घोळका बाबांकडे शेपट्या करून त्या फेसात घुसला. बाबांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. हात लाल झाले, एक मासा वळेल तर शपथ!

"तुमच्या शंकेने आज विटाळलं पाणी!" असं काहीतरी पुटपुटत बाबा गाडीकडे सटकले.

मी लोकांना समजावलं. वरून पडणारं पाणी हवा घेऊन येतं, ते अडवलं. पीठ कुजताना पाण्यातली हवा खातं. रात्रभर ती आणखी घटते, म्हणून एरवी तळाशी असणारे मासे पहाटे वर येतात. नाम कसलं घेतात? गुदमरतात बिचारे!

आत्याने माझी बाही ओढली. "पंप... आणलायस?"

खिशातच होता. तिने ओढला, थांबली, पुन्हा ओढला. खांदे हळूहळू खाली आले, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "रोज बघत होते गं त्यांना. जास्त दिसले की खूश होत होते. ते हवा मागत होते, आणि मी हात जोडत होते."

ती रडणारी बाई पिशवीची गाठ घट्ट मारून म्हणाली, "गाळ काढायला हातमोजे आहेत का जास्तीचे?"

लोकहो, चमत्कार पाहायला खुशाल जा. पण कुणी डोळे मिटायला सांगितलं तर ते उघडेच ठेवा, कुणी औषध सोडायला सांगितलं तर आधी डॉक्टरला विचारा, आणि समोरचा जीव तोंड उघडून उभा असेल तर त्याला हवा मिळतेय का, तेवढं आधी बघा. माझी आत्या त्यामुळेच आज ओढ्यावर आहे, गुडघाभर चिखलात, आणि मला तिथून हाका मारतेय.