वरचं अर्धं कार्ड

दत्तोपंतांनी कुंचला शाईत बुडवला, दौतीच्या कडेला निथळवला आणि जीभ दातांत धरून पेटीच्या फळीवर नाशिकचा पत्ता इंग्रजीत रेखायला घेतला. आंबे भरून झाले होते. लवू गडी उकिडवा बसून वरचा पेंढा दोन्ही हातांनी दाबत होता. पत्ता पुरा झाल्यावर दत्तोपंतांनी मान वाकडी करून आपल्या अक्षराकडे समाधानाने पाहिलं. मग भिंतीवरच्या तारेतून एक पत्र ओढून काढलं आणि चुरगळून पेंढ्यात टाकलं.

"हे भागलं."

पत्र नाशिकच्या मामेभावाचं, दिवाळीच्या सुमाराचं. मुलाच्या मुंजीला का आला नाहीत, असं त्याने विचारलं होतं. त्याचं उत्तर आता मे महिन्यात, पेंढ्यात बसून, बोटीने निघालं होतं.

"वकीलसायेब," लवू म्हणाला, "येवडा प्येंडा दाबन्यापरास चार आक्षरा खरडलात तर नाय का चालनार?"

"मेल्या, अक्षरांना डोकं लागतं. पेटीला तू आहेस."

दत्तात्रेय लिमये हे रत्नागिरीतले बऱ्यापैकी चालणारे वकील, आणि माणूस खरोखरच कामात होता. त्यात ढोंग नव्हतं. कोर्ट होतं, म्युनिसिपालिटी होती, वाचनालयाची कमिटी होती, मुलींच्या शाळेची इमारत होती, आणि कुणाच्याही बांधाचं भांडण मिटवायला पालीपासून मालगुंडापर्यंत जायची हौस होती. आलेलं पत्र ते मन लावून वाचत, वाचताना मान डोलावत, आणि "सुटीत सवडीने लिहितो" म्हणून तारेला टोचत. कोर्टाची सुटी मे महिन्यात लागे, आणि मे महिन्यात आंबा असे. मग कधीतरी त्यांना ही युक्ती सुचली: ज्याचं पत्र राहिलं, त्याला पेटी. महिना-दोन महिन्यांच्या दिरंगाईला पायरी, वर्षाच्या दिरंगाईला हापूस. ज्याला लगेच उत्तर द्यावंच लागे, म्हणजे कचेरीतला साहेब किंवा मोठा अशील, त्याच्या वाट्याला आंबा येत नसे. आणि लोक तरी किती भाबडे. पेटी पोचली की आभाराचं पत्र पाठवीत, ते तारेला जाई, आणि पुढच्या सालची पेटी तिथेच ठरून जाई.

"आणि हेमावन्संचं?" मालिनी माजघराच्या दारातून म्हणाली.

कुंचला थांबला. "तिची परवाच गेली. निवडून काढलेले दिलेत तिला."

"पेटी नव्हे. पत्र."

"लिहायचंच आहे."

"पावसाळा तोंडावर आला, बोटी बंद व्हायला आल्या."

"अगं, त्यात मला विचार का करायचाय? घर तिचंच आहे. यायचं म्हटलं की यायचं."

"मग तेवढंच लिहा."

"तेवढंच कसं लिहू? नवरा जाऊन वर्ष व्हायचंय पोरीला. असलं पत्र का घाईत खरडतात? निवांत बसून नीट लिहीन." आणि ते पुढच्या पेटीकडे वळले.

हेमा त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून गिरगावात दिराच्या बिऱ्हाडात लहान मुलीला घेऊन राहत होती. आता दिराची नागपूरला बदली झाली होती आणि महिनाअखेर ती खोली सोडायची होती. तिने लिहिलं होतं, नागपूरला गेले तर तिथलं स्वयंपाकघर माझं, एवढं ठरलेलं आहे. तुझ्याकडे आले तर मुलगी शाळेत जाईल आणि मीही शिक्षिकेच्या परीक्षेचं बघीन. ये म्हणत असशील तर शेवटच्या बोटीआधी कळव. नाही कळवलंस तर काय समजायचं ते मी समजेन. हे पत्र मालिनीनेही वाचलं होतं. त्या घरात पत्रं कुणी कुणापासून लपवीत नसे, नुसती टोचून ठेवीत.

पेटीने हेमाचं समाधान होण्यासारखं नव्हतं. भावाची युक्ती तिला पाठ होती. दादा टाकाने लिहीत नाही, झाडाने लिहितो, असं तीच हसत म्हणायची.

मालिनीला लिहिता येत होतं. अक्षरही दत्तोपंतांपेक्षा वळणदार होतं. पण माहेरचं बोलावणं एका हाताचं चालत नाही. नुसतं वहिनीचं आलं, तर भावाच्या मनात नाही असं समजतात. नुसतं भावाचं आलं, तर वहिनीच्या मनात नाही. म्हणून लिमयांकडचं कार्ड नेहमी दोन हातांचं जाई: वरच्या अर्ध्यात त्यांचं, खाली तिच्या चार ओळी. वरचं लिहायला त्यांना सवड नव्हती, आणि वरचं नाही म्हणून खालचं अडलं होतं. हे सगळं मालिनी रोज जेवताना त्यांना ऐकवी, आणि ऐकवताना आवाज असा ठेवी की कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यापलीकडे जाईल.

गडग्यापलीकडे गोदूबाई राहायच्या. दत्तोपंतांना त्यांनी उघडं-नागडं खेळताना पाहिलेलं. त्यामुळे आळीत वकिलांना 'दत्तू' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. त्या दिवशीही त्यांनी कढीलिंब मागायच्या निमित्ताने गडग्यावर कोपर टेकलं.

"दत्तूने लिहिलंन का गो पत्र?"

"कुठचं काकू. रोज सांगते. हात जोडायचे तेवढे बाकी राहिलेत."

"तू म्हणून नणंदेसाठी एवढा जीव टाकतेस हो. आमच्या वेळची एखादी असती, तर नवऱ्याला सवड होऊ नये म्हणून देवापुढे नारळ ठेवलान् असता तिने."

"असं कसं म्हणता? त्यांचं तरी आहे कोण आता?"

गोदूबाईंनी कढीलिंबाची डहाळी घेतली, आणि संध्याकाळी देवळात ही गोष्ट आणखी दोघींना सांगितली. मालिनीच्या खात्यावर असं रोज काहीतरी जमा होत होतं. खर्च अजून काही पडला नव्हता.

हेमा तशी वाईट नव्हती. माहेरपणाला आली की पहिल्याच दिवशी फडताळातले डबे तिला सोयीचे वाटतील तसे लावी, आणि खरं म्हणजे ते तसेच सोयीचे असत. पण ती आली की एक गंमत होई. दत्तोपंतांना सवड मिळे. कमिट्या ओस पडत. कुणी अशील आलाच, तर लवू त्याला अंगणातूनच परत लावी. भाऊबहीण ओटीवर सुपारी कातरत बसत. कुठल्याशा मास्तरांच्या नकला करीत, एकाने वाक्य धरलं की दुसऱ्याने सोडलं, असं चाले. मालिनी दोनदा सार गरम करी आणि दारात येऊन विचारी, "पानं घेऊ का?"

"थांब गं जरा," दत्तोपंत म्हणत. तिच्याकडे न बघता म्हणत.

हेमा सासरी गेली की ते पुन्हा कामात बुडून जात. लग्न झाल्यापासून मालिनीने त्यांना इतकं हसताना एरवी पाहिलं नव्हतं, आणि याबद्दल ती कधी कुणाशी बोललीही नव्हती. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

शेवटी मालिनीनेच कार्ड घेतलं. श्री काढला, वरचं अर्धं कोरं सोडलं आणि खाली लिहिलं: 'येथे सर्व खुशाल. मुलीला घेऊन लौकर निघावे. मागची खोली तुमच्यासाठीच आहे. मी वाट पाहते.' मायना वरच्या अर्ध्यात येणार असल्यामुळे तो तिच्याकडे नव्हता. नणंदेला पहिल्यांदा विधवेचं 'गंगाभागीरथी' लिहायचं, ते भावानेच लिहावं. पत्ताही तिने सोडला, कारण मुंबईचा पत्ता इंग्रजीत लिहायची त्यांची पद्धत होती. मग ते कार्ड तिने त्यांच्या मेजावर अडकित्त्याखाली ठेवलं, आणि ठेवल्याचं गोदूबाईंना सांगितलं.

कार्ड तिथेच राहिलं. सुपारीसाठी दत्तोपंत अडकित्ता उचलत, सुपारी कातरत आणि पुन्हा कार्डावर ठेवत. मालिनी मेज झाडताना ते उचलून झाडी आणि होतं तिथेच ठेवी. "कार्ड तेवढं बघा" असं ती म्हणे, पण आता थोडं कमी मोठ्याने. मागच्या खोलीत जागा रिकामी होती म्हणून घरासाठी ठेवलेल्या आंब्यांची अढी तिने लवूकडून तिथेच घालून घेतली.

मग एका दुपारी दत्तोपंत बाहेरून आले ते खुशीत. पगडी खुंटीला लावली, उपरण्याने मान पुसली आणि पाणी मागून घेतलं.

"टाकलं हो तुझं कार्ड. काल सकाळी, कोपऱ्यावरच्या पेटीत. आता काकूंना तोंड दाखवायला हरकत नाही ना?"

मालिनीने तांब्या खाली ठेवला. "लिहिलंत?"

"पत्ता घातला. तेवढाच राहिला होता."

"पत्ता. आणि वर?"

"वर काय?"

"वरचं अर्धं कोरं होतं."

"होतं खरं. मी म्हटलं, तू ऐसपैस लिहायला घेतलंस." ते हसले, आणि हसताना मध्येच थांबले. "वाचलं मी तुझं. छान लिहिलं होतंस. सगळं त्यात आलंच होतं की. मी आणखी काय लिहिणार?"

"ती जागा तुमची होती."

"मग सांगायचंस तसं."

सांगण्याची मालिनीची महिनाभराची मेहनत अख्ख्या आळीला ठाऊक होती. दत्तोपंत पाट ओढून बसले. वकील माणूस, एकदा मुद्दा समोर आला की तो कुठे जाऊन भिडतो, हे त्यांना दिसल्याशिवाय राहत नसे. त्यांच्या डोळ्यांपुढे ते कार्ड आलं असावं: गिरगावातल्या जिन्यात, हेमाच्या हातात, वर कोरी जागा आणि खाली वहिनीचं अक्षर. शेजारी त्याच्या आधीच पोचलेली आंब्याची पेटी.

"ती समजेल की मी मुद्दामच..." ते म्हणाले.

"समजतीलच."

"मालू, आणखी एक कार्ड आण." आवाज एकदम वेगळा होता. त्यांनी मेज पुढ्यात ओढलं, दौतीचं बूच काढलं, टाक कागदावर ओढून पाहिला. "आजच्या टपालात पडलं तर अजून मिळेल तिला. शेवटची बोट शनिवारी. आत्ता लिहितो, दोन ओळी. नीट नाही झालं तरी चालेल."

इतक्या वर्षांत त्यांनी पत्रासाठी असा टाक उचललेला मालिनीने पाहिला नव्हता. ती उठून कोनाड्यापाशी गेली. पंचांगामागे कार्डं होती. तिनेच आणून ठेवलेली. तिने सर्वांत वरच्या कार्डाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला, आणि पंचांग पुन्हा पुढे सारलं.

"संपलीत वाटतं," ती म्हणाली.

"एकही नाही?"

"लवूला पाठवलं असतं. पण तो पेट्या घेऊन बंदरावर गेलाय."

"मग मीच जातो." ते उठायला लागले.

"या उन्हात? आणि शाळेच्या इमारतीची माणसं यायचीत ना तुमच्याकडे आता? मी चहाचं आधण ठेवलंय त्यांच्यासाठी." तिने खाली वाकून ओटीवर सांडलेला पेंढा वेचायला घेतला. एक-एक काडी उचलत होती. "आणि असलं पत्र का घाईत लिहितात? उद्या सवडीने लिहा. नीट."

दत्तोपंत अर्धवट उठलेले तसेच राहिले. त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. काहीतरी विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं असेल, पण बाहेर वहाणा वाजल्या, कुणीतरी खाकरलं, आणि शाळेच्या इमारतीची माणसं अंगणात आली. त्यांनी दौतीला बूच लावलं.

"उद्या," ते म्हणाले.

"हो, उद्याच."

ती पेंढ्याची ओंजळ घेऊन मागच्या अंगणात गेली. गडग्यापलीकडे गोदूबाई वाळवण उलटत होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय गो, लिहिलंन की नाही शेवटी?"

मालिनीने ओंजळ परसात झटकली, हात पदराला पुसले.

"कुठचं लिहितायत काकू," ती म्हणाली, नेहमीसारखं, गडग्यापलीकडे जाईल इतक्या आवाजात. "त्यांना सवड कुठे आहे?"

आत पाहुण्यांना बसा-बसा चाललं होतं. तिचं बोलणं तिथवर नक्की गेलं असणार. मग आतून दत्तोपंतांनी सुपारी कातरायला घेतल्याचा आवाज आला.