मासीचं ढावलो

पुष्पा राठोड संगीतात एम.ए. झाली, तेव्हा तिच्या बापानं, हिरासिंगनं, एवढंच विचारलं होतं की आता तू मास्तरीण होशील की गाणारी होशील. पुष्पा म्हणाली, दोन्ही.

आधी ती मास्तरीण झाली. उमरखेडच्या एका खाजगी शाळेत मानधनावर लागली. सकाळी प्रार्थनेला पेटी वाजवायची, पाहुणे आले की मुलींकडून स्वागतगीत म्हणवून घ्यायचं, आणि दिवाळीनंतर गॅदरिंगचे नाच बसवायचे. मुलांना भूप शिकवायला घेतला, तर दोन पालक येऊन विचारून गेले की याचा पेपर असतो का. काही वर्षांनी शाळेनं संगीताचा तास काढून त्या जागी कोडिंगचा टाकला. मुख्याध्यापकांनी पुष्पाला बोलावून चहा पाजला. शाळा तुमची ऋणी राहील म्हणाले. गॅदरिंगला मात्र नक्की या, नाच तुमच्यासारखे कोणी बसवत नाही, असंही म्हणाले. पुष्पानं पेटीच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आली.

राहिलं होतं गाणारी होणं.

उमरखेडात बशीरभाईंचा ब्रास बँड एके काळी फार नावाजलेला होता. बशीरभाई स्वतः क्लॅरिनेट वाजवत. डीजे आले आणि बँडचे लाल कोट ट्रंकेत गेले. त्यांच्या मुलानं, जीशाननं, एका मेकॅनिकच्या दुकानावरची खोली घेतली, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि रेकॉर्डिंगची खोली केली. शिवाय तो एक ऑर्केस्ट्राही चालवायचा. पुष्पा त्यात गाऊ लागली. गणपतीचे मंडप, साडीच्या दुकानाचं उद्‌घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस. मारेगावच्या एका कार्यक्रमात तिनं हिंमत करून एक ठुमरी सुरू केली. मुखडा संपायच्या आत लोक पाणी प्यायला उठू लागले. संयोजक स्टेजवर येऊन तिच्या कानात म्हणाला, ताई, काहीतरी चालतं गाणं घ्या.

येताना गाडीत जीशान म्हणाला, "दीदी, सिनेमाचे गाणे म्हणणारी पोरगी हर तालुक्यात आहे. तुमच्यापाशी असं काय आहे, जे दुसरीपाशी नाही?"

त्यानं सहज विचारलं होतं. पुष्पाला मात्र ते लागलं. घरी पोचेपर्यंत ती त्याचाच विचार करत होती, आणि मग तिला हंसाबाई आठवली.

हंसाबाई म्हणजे पुष्पाची मासी, आईची थोरली बहीण. उमरखेडपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यात, मुलाजवळ, फुलसिंगजवळ राहायची. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना आईच्या, मासीच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. रडणं खरं असतं, पण ते सुरात, बोलात यावं लागतं, आणि ते नवरीला आधी शिकवावं लागतं. आजूबाजूच्या चार तांड्यांतल्या नवऱ्या हंसाबाईकडे शिकायला येत. पुष्पाचं लग्न झालं नव्हतं, म्हणून तिला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

ती गेली तेव्हा हंसाबाई अंगणात वाळलेली हळद निवडत होती. पुष्पानं सांगितलं की मला ढावलो शिकायचं आहे, रेकॉर्ड करून ठेवायचं आहे, म्हणजे ते पुढं राहील. हंसाबाईनं आधी विचारलं की तुझं लग्न जुळलं का. नाही म्हटल्यावर तिनं निवडलेली हळद सुपात भरली. मग म्हणाली की शिक, पण समोर बसून शिकता येत नाही. गळ्यात पडावं लागतं.

म्हणून पुष्पा रोज दुपारी मासीच्या गळ्यात पडून शिकली. पहिले दिवस वाईट गेले. तिनं मनातल्या मनात स्वर ओळखले, कुठला कोमल, कुठला शुद्ध ते ठरवलं आणि अगदी बिनचूक गायली. हंसाबाईनं तिला दूर केलं.

"तुयं रडणं लई धुतलेलं आहे," ती म्हणाली. "थोडं मयू दे, माती लागू दे."

कॉलेजात पुष्पाला श्वास लपवायला शिकवलं होतं. तान तुटू नये, दम दिसू नये. इथं मासी सांगत होती की श्वास तुटेल तिथं तुटू दे, बोल अर्धा राहिला तर राहू दे, तिथंच तर समोरची बाई रडायला लागते. पुष्पाला ते जमेना. एके दुपारी हंसाबाईनं गाताना मधेच तिच्या आईचं नाव घेतलं. आई गेली तेव्हा पुष्पा अमरावतीला होस्टेलवर होती, परीक्षा चालू होती, आणि घरच्यांनी तिला पेपर संपल्यावर कळवलं होतं. आईच्या नावासरशी तिचा गळा असा फाटला की तिचं तिलाच कळेना आपण गातो आहोत की नुसतं रडतो आहोत. हंसाबाईनं तिला घट्ट धरून ठेवलं. शेजारच्या दोन बाया काम टाकून येऊन उभ्या राहिल्या आणि डोळे पुसू लागल्या.

त्यानंतर हंसाबाईनं तिला सगळं शिकवलं. आईचं ढावलो वेगळं, बापाचं वेगळं, मैत्रिणीचं वेगळं. पुष्पा निघाली तेव्हा एवढंच म्हणाली, की हे रिकामं म्हणू नये, कोणी घर सोडून जात असेल तिथंच म्हणावं. पुष्पानं मान डोलावली. तेव्हा तिच्या मनात खोटं काही नव्हतं.

रेकॉर्डिंगला बशीरभाई क्लॅरिनेट घेऊन आले होते. पुष्पानं आईचं ढावलो म्हटलं, "याडी ये", म्हणजे आई गं, अशी हाक घालून. बशीरभाईंनी वाद्य ओठांना लावलं आणि न वाजवता खाली ठेवलं. याच्यात काही टाकू नको, असं मुलाला सांगून ते जिना उतरून गेले. जीशाननं गाणं तसंच नेटवर टाकलं. पुष्पाच्या नात्यातल्यांनी ते ऐकलं, एका प्राध्यापकांनी छान म्हणून कळवलं, आणि तिथंच ते थांबलं.

पावसाळ्यात कार्यक्रम बंद होते. शाळा गेली होती. जीशाननं एक दिवस तिला बोलावून दुसरंच काही ऐकवलं. खाली ढोल आणि धम्म असा ठेका, आणि वर तिचीच हाक कापून परत परत लावलेली. याडी ये, याडी ये, याडी ये. जिथं तिचा श्वास तुटला होता, नेमका तिथं ठेका उसळत होता. पुष्पा उठून गेली. चार दिवस तिनं त्याचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी शाळेतून फोन आला, की स्वातंत्र्यदिनाच्या नाचासाठी याल का, नव्या कोडिंगच्या सरांना नाच बसवता येत नाही. फोन ठेवल्यावर पुष्पानं जीशानला लावला आणि नेटवर टाक म्हणाली.

होळीपर्यंत ते गाणं पार मुकुटबनपर्यंतच्या वरातींत वाजू लागलं. बंजाऱ्यांच्याच नाही, सगळ्यांच्या. पोरं त्याला 'याडी साँग' म्हणत. पुष्पाला बोलावणी येऊ लागली. पोस्टरवर तिचा फोटो यायचा. स्टेजवर ती आरशांची घागरा-कांचळी घालून उभी राहायची आणि पहिली हाक घातली की समोरची पोरं शिट्ट्या मारत नाचायला लागायची. गाण्यावर पोट भरू लागलं होतं. बापानं घरावर नवे पत्रे घातले. ठुमरी कोणी मागत नव्हतं, पण आता मधेच उठूनही कोणी जात नव्हतं.

एका मंडळानं ठरवलं की हे गाणं जिनं शिकवलं तिचा सत्कार करायचा. पुष्पाच हंसाबाईला घ्यायला गेली. मासीनं ट्रंकेतला जुना फेटिया, भरतकामाचा घागरा, काढून नेसला होता. तिला वाटलं होतं की आपल्यालाही म्हणायला लावतील. तिला शाल-नारळ दिलं, पहिल्या रांगेत बसवलं, आणि गाणं सुरू झालं. पुष्पा गाताना मुद्दाम दुसरीकडे पाहत होती. एकदा नजर गेली तेव्हा हंसाबाई शाल मांडीवर घेऊन मागे वळून बघत होती, नाचणाऱ्या पोरांकडे. परतताना गाडीत ती शालीची घडी घालून बसली होती. तांडा आल्यावर उतरली आणि म्हणाली, "ते हासून राह्यले होते. कोण मेलं, कोण गेलं, काही पुसत नाही, हासून राह्यले होते."

मे महिन्यात फुलसिंगच्या मुलीचं लग्न झालं. मुलीचं नाव सत्यभामा, हंसाबाईची लाडकी नात. हंसाबाईनं तिला हिवाळाभर ढावलो शिकवलं होतं, आणि पोरगीही मन लावून शिकली होती. निरोपाची वेळ झाली. दुपार कलली होती, नवरदेवाची गाडी फुलं लावून उभी होती. सत्यभामा आजीच्या गळ्यात पडली आणि तिनं हाक घातली, "याडी ये."

नवरदेवाकडची पोरं हसली. एकानं शिट्टी मारली. कोणीतरी डीजेवाल्याला हात केला, आणि स्पीकरच्या डब्यांतून पुष्पाचा आवाज फुटला. क्षणात सगळी वरात नाचू लागली. सत्यभामाचे ओठ हलत होते, पण काही ऐकू येत नव्हतं.

पुष्पा धावत डीजेच्या गाडीकडे गेली. बंद कर म्हणाली. तो कानाला हात लावून तिच्याकडे वाकला आणि तिला ओळखून खूश झाला. "ताई, हे तं तुमचंच गाणं आहे," म्हणत त्यानं तिच्या हातात माईकच दिला. लोकांनी जागा करून तिला पुढं घेतलं.

तिनं माईक धरला. गाणं थांबवून ती लोकांना सांगू शकली असती. पण तिला जे येत होतं तेच तिनं केलं. डोळे मिटून तिनं मासीनं शिकवलं तसं ढावलो म्हटलं, मळलेलं, तुटलेलं, आईच्या नावानं. लोकांना वाटलं की आज प्रत्यक्ष कार्यक्रम आहे. चार-पाच मोबाइल वर झाले. डीजेवाला कामात हुशार होता. त्यानं रेकॉर्ड बंद करून, तिचा सूर धरून खाली ठेका सोडला, आणि बरोबर जुळवला.

तिनं डोळे उघडले तेव्हा नणदांनी सत्यभामाला ओढून नाचात घेतलं होतं. आधी ती नुसती उभी होती. मग तिनं पदरानं डोळे पुसले, नवरदेवाकडे बघितलं, आणि हसून हात वर केले. हंसाबाई होती तिथंच उभी होती. तिचे दोन्ही हात अजून गळा धरल्यासारखे पुढं होते. फुलसिंगनं येऊन ते हळूच खाली केले.

पुढच्या लग्नसराईत हंसाबाईकडे शिकायला कोणी आलं नाही. नवऱ्यांनी मोबाइलवरून गाणं पाठ केलं होतं, तेही पुरेसं होतं.

पुष्पाला मात्र राहवेना. मासीला अजून कितीतरी ढावलो येत होती, बहिणीची, गुरांना निरोप द्यायची, घराच्या दाराला निरोप द्यायची. ती सगळी शिकून घ्यायची, कोणाला ऐकवायची नाहीत, असं ठरवून ती एका दुपारी तांड्यावर गेली. तिला बघून हंसाबाई उठली, खाट झटकली, तिच्यावर धुतलेली चादर टाकली.

"बसा," ती म्हणाली.

पुष्पानं आपण कशाला आलो ते सांगितलं. यात ठेका नाही, जीशान नाही, काही नाही, असं दोनदा सांगितलं. हंसाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मले आता आठवत नाही. तुमी मोठ्या गाणाऱ्या, तुमाले काय शिकवावं."

"मासी, मले तुमी काहून म्हणतेस?"

"पाहुण्या माणसाले काय म्हणतात मंग?"

तिच्या आवाजात राग नव्हता. फुलसिंगच्या बायकोनं चहा आणला, बशीत बिस्किटं आणली. हंसाबाईनं आग्रह करून एक बिस्कीट जास्त दिलं, बापाची तब्येत विचारली, यंदा हळदीला भाव कसा आहे ते सांगितलं. निघताना पुष्पा पाया पडली, तेव्हा हंसाबाईनं सुनेकडून कुंकू लाववून तिच्या हातावर ब्लाउजपीस ठेवलं, जसं कोणाही पाहुणीच्या ठेवतात.

गाडी रस्त्यावर उभी होती. संध्याकाळी मुकुटबनला कार्यक्रम होता. तिथं त्या गाण्याची फर्माईश दोनदा आली. पुष्पानं ते दोन्ही वेळा म्हटलं.